फुल बाहीतली मी

चौदा मार्च. शर्ट धुवायचा होता. नेहमीसारखा बादलीत बुचकळून नव्हे, तर कांद्याच्या रसाचा, तेलाचा, घामाचा अंशही राहणार नाही असा. कारण सुकल्यावर तो मला प्लायवूडच्या फळीवर डिंकाने चिकटवायचा होता आणि तेलकट कापडाला डिंक धरत नाही. चुलीवर पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, शर्ट सोडला आणि काठीने खालीवर करत राहिले. पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरं नुसतं गढूळ.

शर्ट निळ्या चौकड्यांचा, फुल बाहीचा. घेतला होता नवऱ्यासाठी, कुणाच्या तरी लग्नात. त्याने तो फारसा घातला नाही. मी मात्र बरीच वर्षं रानात जाताना साडीवर तोच चढवते. तिसगावच्या बाजूला सगळ्याच बायका घालतात. हात भाजत नाहीत, कपाशीच्या वाळक्या बोंडांची नखं ओरबाडत नाहीत, पदर मध्ये येत नाही. नवऱ्याचा, भावाचा, पोराचा, ज्याचा जुना होईल त्याचा शर्ट. यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. शाळेत कडक साडी, खांद्यावर पिन, हातात खडू. शाळा सुटली की रान. कांदा असेल तेव्हा कांदा, कपाशी असेल तेव्हा कपाशी. घरचं रान आहे, माणसं मिळत नाहीत, मी जाते. शाळेतल्या लोकांना याचं कौतुक वाटतं किंवा कीव येते. दोन्हीचा मला कंटाळा आहे.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांच्या प्रदर्शनाला विषय दिला होता, स्वतःचं चित्र. मीही सगळ्यांसारखी आरसा घेऊन बसले. चेहरा जमला. कान, हनुवटी, नाकातली चमकी, सगळं जिथल्या तिथे. पण बघितलं तर ती शाळेच्या ओळखपत्रावरची बाई होती. मला तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती, फक्त तिची माझी फारशी ओळख नव्हती. कागद उलटा करून मागच्या बाजूला सातवीच्या वर्गासाठी नक्षीचा नमुना काढला.

मग आठवलं, कधीतरी फोनवर एका परदेशी चित्रकाराचं छापचित्र पाहिलं होतं. नुसता घरात घालायचा कोट. आत माणूस नाही, वर डोकं नाही. खाली लिहिलेलं, स्वतःचं चित्र. तेव्हा मी बोटाने पुढे सरकवलं होतं. आता वाटलं, त्याला कोट चालतो तर मला शर्ट का नाही?

आमच्याकडे एक गंमत आहे. रानात कुणी फोटो काढायला मोबाईल वर केला की बायका आधी शर्ट काढतात. चटचट बटणं सोडतात, शर्ट मागे कांद्याच्या ढिगावर टाकतात, पदर सारखा करतात आणि मग म्हणतात, हां, काढ. माझेही तसेच फोटो आहेत. मागे ढीग, समोर मी, साडी नीटनेटकी, जणू रानात हळदीकुंकवाला आले होते. ज्या कपड्यात मी निम्मा दिवस घालवते तो एकाही फोटोत नाही. आणि त्या कपड्याशिवाय रानात मला कुणी ओळखत नाही. ऊन आणि फुफाटा इतका असतो की तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे. लांबून चेहरा दिसतच नाही. मग हाका शर्टावरून मारायच्या. शेजारच्या रानातल्या जाऊबाईंचा शर्ट खाकी, पोराने कारखान्यावर वॉचमनकी केली तेव्हाचा, म्हणून त्या फौजदारीण. मी चौकडा. "ए चौकडे, पाटी आन हिकडं!" ही हाक मी शाळेतल्या मॅडम या हाकेइतकीच ऐकली आहे. तिला ओ द्यायला मला कधी वेळ लागत नाही.

तर शर्ट सुकला. मी तो ओसरीत फळीवर उताणा पसरला, बाह्या जशा रानात दुमडते तशाच दुमडल्या आणि डिंक लावायला घेतला. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"माझा शर्ट चिकटवती व्हय?"

"तुमचा कधीचा राहिला तो?"

"इकत घेताना तर माझाच हुता."

"मग काढून न्या. डिंक ओला आहे तोवर."

त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "कॉलर वाकडी बसली." कॉलर खरंच वाकडी बसली होती. मी तशीच ठेवली. घालते तेव्हाही ती वाकडीच असते.

डिंक वाळल्यावर वरून लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले. शर्ट पत्र्यासारखा झाला. शेवगावला लग्नपत्रिका छापतात त्या प्रेसमधून ठसा घ्यायला काळी शाई आणली. रूळ शाळेतला, मुलांच्या लिनोवरच्या छापकामाचा. पण दाब द्यायला मशीन नव्हतं. फळी एवढी मोठी की चमच्याच्या पाठीने घासत बसले असते तर कांदा रानातच मोड धरून बसला असता. म्हणून ठरवलं, फळी अंगणात टाकून पायाने तुडवायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी ओसरीतून पाहिलं, मी शाई लावलेल्या शर्टावर ओला कागद पसरला आणि त्यावर पाय ठेवायला साडी वर खोचली, तशा त्या ओरडल्याच.

"आगं, कागदाला पाय लावती? मास्तरीन ना तू? विद्या हाय ती!"

"आत्या, कोरा आहे."

"कोरा असला म्हनून काय झालं? पोरान्ला काय शिकवती मग शाळंत?"

बरोबर होतं. वर्गात कुणाचा पाय वहीला लागला तर मीच त्याला नमस्कार करायला लावते. मी आत जाऊन गोधडी आणली, चार पदरी घडी करून कागदावर टाकली आणि म्हटलं, "आता गोधडीला पाय लागेल. गोधडीला चालतो ना?"

आत्यांनी विचार केला. "गोधडीला काय, रोजच लागतो." मग त्या उठल्या, वाकून गोधडीच्या खालच्या कागदाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "सर बाजूला. तुझ्यात वजन न्हाई." आणि स्वतःच चढल्या.

पहिला ठसा वाया गेला. आत्या वळल्या तेव्हा कागद सरकला आणि शर्टाला चार बाह्या आल्या. दुसऱ्या वेळी मी कागदाची चारी टोकं विटांनी दाबली, त्यांना वळू नका म्हणून बजावलं आणि त्या माझ्या खांद्याला धरून जिथल्या तिथे, ज्वारीची कणसं तुडवावीत तशा तुडवत राहिल्या. तोंडाने चालूच होतं, "काय तरी खुळं. लोक देवाचं चित्र काढत्यात."

गोधडी काढली. कागदाचं टोक धरून हळूहळू उचलला.

चौकडा गेला होता. जाणारच, रंग सपाट असतो, त्याला उंची नाही, शाई धरत नाही. उरलं ते सगळं उंचवट्याचं. शिवणी, कॉलरची वाकडी धार, कोपरावर मी मारलेलं ठिगळ आणि त्याचे एकेक टाके, विळ्याने चिरलेली कफ, तिसऱ्या बटणाच्या जागी लावलेली सेफ्टीपिन. खांद्यावर, जिथे कांद्याची पाटी टेकते तिथे, कापड इतकं झिजलेलं की तिथे शाईही पातळ लागली होती. मी तो शर्ट इतकी वर्षं घातला आणि तो कसा आहे हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खूश झाले. रडले वगैरे नाही. एवढा मोठा ठसा पायाने एकसारखा आला याचाच आनंद जास्त होता.

तेवढ्यात फौजदारीण जाऊबाई ताक मागायला आल्या. कागद दोरीवर वाळत होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला, डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे केलं.

"आगं बया, तुलाच वाळत घातली व्हय!"

"कशावरून मी?"

"एक बाही वर, एक खाली. असं दुसरं कोन घालतंय? आन् चौकडा कुठं गेला?"

"राहिला फळीवर."

"बरं झालं. भंगार चौकडा हुता." त्यांनी ताक घेतलं आणि गेल्या.

कागदावर मी खाली पेन्सिलीने लिहिलं, मी. स्वतःचं चित्र या विभागात पाठवून दिला.

प्रदर्शन नगरला एका शाळेच्या सभागृहात होतं. नवऱ्याला त्याच दिवशी मार्केटला कांदा न्यायचा होता, म्हणून टेम्पोत त्याच्या शेजारी बसून गेले. त्याने मला फाटकाशी सोडलं आणि पुढे गेला. आत भिंतीभर चेहरे होते. हसरे, गंभीर, चष्म्याचे, एक गॉगल लावलेलासुद्धा. माझं चित्र त्यांत नव्हतं. शोधत शोधत मागे पाण्याच्या कूलरपर्यंत गेले. तिथे केळी, माठ, कंदील आणि पितळी तांब्यांच्या रांगेत माझा शर्ट होता. खाली छापील कार्ड. वस्तुचित्र. नवऱ्याचा शर्ट.

हे नाव मी दिलं नव्हतं.

परीक्षक म्हणजे एक निवृत्त कलाशिक्षक. जिल्ह्यातल्या आम्हा निम्म्या लोकांचे गुरू. पांढरा सदरा, खिशाला पेन, गोड बोलणं. मी त्यांना गाठलं.

"सर, माझं चित्र चुकून तिकडे लागलंय. मी स्वतःच्या चित्रात दिलं होतं."

"चुकून नाही मॅडम, विचार करूनच लावलंय. काम छान आहे हं. ठसा स्वच्छ आलाय. पण शर्ट ही वस्तू झाली. यात तुम्ही कुठे आहात?"

"शर्टात."

ते हसले. "चेहरा तर हवा ना! माणूस कशाने ओळखायचा?"

"रानात आमचं तोंड बांधलेलं असतं, सर. शर्टावरूनच ओळखतात."

"रान वेगळं, प्रदर्शन वेगळं. इथे बघणाऱ्याला काय कळणार? त्याला एक जुना शर्ट दिसणार."

"तुमच्या त्या गॉगलवाल्या सरांना तरी बघणारा कुठे ओळखतो? त्यालाही एक गॉगल दिसणार."

आजूबाजूचे एकदोघं थांबले. सरांनी आवाज खाली आणला. "राग मानू नका, पण एक तांत्रिक चूकही आहे. पुरुषाच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो. तुमचा उजवीकडे आलाय. ठशात उलटं होतं हे आपण मुलांना लिनोच्या पहिल्याच तासाला सांगतो, नाही का? आधी उलटा विचार करायचा. वस्तुचित्रात एकवेळ खपून जाईल. मी तुमच्याच भल्यासाठी तिकडे लावलं."

माझ्या भल्यासाठी कुणी काही केलं की माझं डोकं फिरतं. खिसा उजवीकडे येणार हे मला फळीवर चिकटवतानाच ठाऊक होतं. अख्खा खरा शर्ट चिकटवल्यावर त्याचा खिसा काढून दुसरीकडे शिवायचा का? मी म्हटलं, "सर, जरा दाराशी येता?"

दाराशी, मानाच्या जागी, त्यांचं स्वतःचं चित्र लावलेलं होतं. तैलरंगात, पांढरा सदरा, खिशाला तोच पेन.

"सर, तुम्ही पेन कुठल्या खिशाला लावता?"

त्यांचा हात आपोआप डाव्या छातीवर गेला. चित्रात पेन उजव्या छातीवर होता. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"अहो, ते आरशात बघून काढलंय," सर म्हणाले. "आरशात असंच दिसतं."

"मीही तो शर्ट घालून आरशासमोर उभी राहिले की खिसा तिकडेच दिसतो. तुमचा आरसा काचेचा, माझा प्लायवूडचा." मग शेजारच्या चित्राकडे बोट केलं. "आणि या मॅडमचा पदर उजव्या खांद्यावर आहे. त्यांना कुणी गुजराती म्हणून दुसऱ्या विभागात लावलं नाही."

त्या मॅडम तिथेच उभ्या होत्या. आधी चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडे. "अगंबाई, खरंच की!" म्हणाल्या आणि तोंडावर हात धरून हसायला लागल्या. पारनेर तालुक्यात शिकवतात त्या. तिथून पुढे आमची चांगली ओळख झाली, पण ते वेगळं.

सर चिडले नव्हते, पण मागेही हटले नव्हते. बरोबर त्या वेळी नवरा आत आला. कांदा खाली करून आला होता, केसांत, भुवयांवर कांद्याची टरफलं. सरांनी त्याला हात जोडले आणि मला वगळून त्याच्याशी बोलायला लागले. हे मला नवीन नाही.

"या साहेब. तुम्हीच सांगा, तो शर्ट तुमचा ना?"

"हुता."

"मग झालं! शर्ट तुमचा, तर चित्र फार तर तुमचं म्हणता येईल. मॅडमचं कसं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं मी काहीतरी सांगायला सांगते आहे. त्याने काय बोलायचं ते त्याचं त्याने बोलावं.

नवऱ्याने डोकं खाजवलं, टरफलं खाली पडली. "आता काय सांगू सर. माप माझं हाय. पन मी तो घालून रानात गेलो तर बाया वरडत्याल, ए चौकडे, पाटी आन म्हनून. मग मी ओ द्यू का?"

पारनेरच्या मॅडम आता उघड हसत होत्या. सरांनाही हसू आलं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना वाटत होतं की बाई दिसायची तर ती पदरासकट दिसली पाहिजे, आणि पदराचा खांदा चुकला तरी चालेल.

"ठीक आहे," ते म्हणाले. "लावा तिकडे हवं तर. पण मग बक्षिसासाठी विचारात घेता येणार नाही. नियमात चेहरा आहे."

"नका घेऊ."

"वाईट वाटतं हो. वस्तुचित्रात ठेवलंत तर पहिलं होतं तुमचं. मी ठरवूनच ठेवलं होतं. एवढी मेहनत घेतलीत."

क्षणभर मी थांबले, खोटं कशाला बोलू. प्रमाणपत्र मिळालं असतं तर शाळेत चित्रकलेचे तास कापायचं चाललंय त्यावर दाखवायला कामाला आलं असतं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी ते ठेवतेय असं डोळ्यांसमोरही आलं. त्यावर लिहिलेलं असतं, वस्तुचित्र, नवऱ्याचा शर्ट. आणि ते काचेत घालून शाळेच्या भिंतीवर लागलं असतं, माझ्या नावासकट.

"मेहनत कांद्याला लागते, सर," मी म्हटलं. "हे तिकडेच लावते."

कुणाची वाट न बघता चित्र खिळ्यावरून उतरवलं. पितळी तांब्याच्या आणि कंदिलाच्या मध्ये मोकळी जागा पडली, ती आयोजकांनी आपापली भरावी. नवऱ्याने एक टोक धरलं, मी एक. गॉगलवाले सर आणि पारनेरच्या मॅडम यांच्यामध्ये हातभर भिंत होती. तिथे लावलं. कार्ड उलटं केलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सरांकडूनच पेन मागून घेऊन लिहिलं, मी. सरांनी पेन दिला. परत घेऊन डाव्या खिशाला लावला आणि एकदा स्वतःच्या चित्राकडे बघितलं.

मी तासभर तिथेच घुटमळले. लोक येत होते, चेहरे बघत होते, शर्टापाशी थबकत होते. एक म्हणाला, "हे इथे कसं?" त्याच्याबरोबरची बाई वाकली, सेफ्टीपिनीपाशी नाक नेलं आणि म्हणाली, "कांद्यातला आहे. कफ बघ ना, विळा लागलाय." मग ते पुढे गेले. एवढं मला पुरे होतं.

परतताना टेम्पो रिकामा, घाटात धडधडत होता. नवरा म्हणाला, "सरांनी पहिला देला असता."

"हो."

"मंग?"

"मग काय. दिला नाही."

घाट संपल्यावर म्हणाला, "आता रानात काय घालशील? पोराचा टी-शर्ट घालून किती दिस हात भाजून घेती? माझा तो पांढरा घे. नवाच हाय."

"नको."

"का? बाकीच्या घेत्यातच की."

"घेऊ देत." शर्ट तुमचा ना, तर चित्र तुमचं, हे सर हसत हसत बोलले होते, पण ते मला कुसळासारखं टोचून राहिलं होतं. खोटं असतं तर टोचलं नसतं. मी त्यांना पेनावरून गप्प केलं, खिशावरून केलं, पण या एका प्रश्नावर नवऱ्याला विनोद करावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिसगावचा बाजार होता, शाळेला सुट्टी. सकाळी भाकरी टाकून झाल्यावर, दुकानांची पालं लागायच्या वेळेलाच गेले. तयार कपड्यांच्या पालाखाली बसलेल्या माणसाला म्हटलं, फुल बाहीचे शर्ट दाखवा, जाड सुताचे.

"दादांची छाती किती, ताई?"

"माझ्यासाठी पाहिजे."

"तुमच्यासाठी व्हय? मंग बायकांचं त्या अंगाला हाय. कुडतं, गाऊन."

"शर्टच पाहिजे."

त्याने दोनतीन पुढे टाकले. मी ते तिथेच, रस्त्यावर उभी राहून, साडीवरून एकेक चढवून पाहिले. पहिल्याची बाही पंजावर येत होती. दुसरा खांद्यात आखडत होता. वाकले, हात पुढे केला, कांद्याची पात कापतात तसा दोनदा मनगटातून फिरवला. समोरचा भाजीवाला बघत राहिला. तिसरा बसला. हिरवट, एकरंगी. बाही मनगटावर, खांदा खांद्यावर. माझ्या मापाचा शर्ट एवढा वेगळा लागतो हे मला माहीत नव्हतं.

"घडी करून देऊ का ताई?" त्याने पिशवी उघडली.

पिशवी नको म्हटलं. कॉलरीतला पुठ्ठा काढून त्याच्या हातात दिला, एक बाही वर दुमडली, एक खाली राहू दिली, आणि तशीच कांद्यात गेले.